पाण्याने उठवलेली राजधानी : जुने गोवे



माकणी गटातील सभासदांची अभ्यास सहल श्रावणात गोव्याला जाऊन आली. परत आल्यावर गट ऑफिसात एक तक्रार माझ्या कानावर पडली, "साहेबांनी समुद्र दाखवला तासभर आन् पडके बुरूज दाखवले दोन दिवस." सहलीला जे आले नव्हते त्यांनाही साहजिकच प्रश्न पडला की, गोव्याला जाऊन ही मंडळी एक उजाड गाव कशाला बघून आली? त्या प्रश्नाचे उत्तर या अंकातून द्यावे, अशी सूचना आल्यावरून हा लेख लिहीत आहे. उत्तर थोडक्यात सांगायचे तर असे : ते उजाड गाव एके काळी लंडन-लिस्बनच्या तोडीचे शहर समजले जाई, आणि ते उठले त्याचे एक मोठे कारण पाणी हे होते. पाण्यावर ज्यांचे पोट आहे अशा आपल्यासारख्यांनी ते बघण्यासारखे नाही, तर दुसऱ्या कुणी बघायचे?

वाटेवरचे ओळखीचे धनी

माकणीहून लोहारा, सोलापूर, विजापूर, बेळगाव, खानापूर आणि मग अनमोडचा घाट उतरून गोवा, अशी आमची वाट होती. विजापुरात गोलघुमट पाहिला. हे मुद्दाम केले. कारण जुने गोवे पोर्तुगीजांच्या हाती जाण्यापूर्वी विजापूरच्या आदिलशाहीचे बंदर होते. नळदुर्गचा किल्ला आणि तिथला बोरी नदीवरचा पाणीमहाल आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. धरणाच्या भिंतीच्या पोटात महाल, वरून पाणी कोसळते आणि आत माणूस कोरडा उभा. तो पाणीमहाल इब्राहिम दुसरा आदिलशहा याच्या अमलात बांधला गेला. म्हणजे नळदुर्ग आणि गोवे एके काळी एकाच धन्याचे. त्याही आधी, 1472 साली, बिदरच्या बहमनी राज्याचा वजीर महमूद गवान याने गोवे घेतले होते. आपला मुलूख आणि ते बेट यांचा संबंध आजचा नाही.

घाट उतरल्यावर मोले आणि पुढे धारबांदोडा लागते. इथे गोव्याचा एकुलता एक साखर कारखाना, संजीवनी सहकारी. 1970 नंतरच्या काळात तो उभा राहिला आणि गोव्यासारख्या भाताच्या व नारळाच्या मुलखात शेतकऱ्याने ऊस लावला. उसाची टंचाई आणि साठत गेलेला तोटा यांमुळे 2019-20 च्या हंगामात तिथले गाळप बंद पडले. ऊस खानापूरकडे धाडण्याची पाळी आली. गाडी तिथून जाताना गप्पा आपोआप थांबल्या. बंद कारखान्याचे धुराडे कसे दिसते हे आपल्या भागातल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. ही गोष्ट इथे नोंदवून ठेवतो, पुढे तिचे काम पडेल.

बेटावर आलो, पण कळले नाही

फोंड्याहून पणजीच्या रस्त्याला बाणस्तारीचा पूल लागतो. पूल लहान, दोन मिनिटांत संपतो. पण तो ओलांडला की माणूस बेटावर आलेला असतो. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला जुवारी आणि या दोन नद्यांना जोडणारी कुंभारजुव्याची खाडी पूर्वेला. पश्चिमेला समुद्र. मधला जो तुकडा तो तिसवाडी. तीस वाड्यांचा म्हणून तिसवाडी, असे सांगतात. कुंभारजुव्याच्या खाडीत आजही मगरी आहेत. बेट असल्यामुळे शत्रूला येणे अवघड आणि जहाजाला येणे सोपे, म्हणून या तुकड्यावर राजधान्या झाल्या. एक नव्हे, दोन.

पहिली राजधानी कदंब राजांची, गोपकपट्टण. ती बेटाच्या दक्षिण अंगाला जुवारीच्या काठी होती. ते बंदर चौदाव्या शतकानंतर ओसरले आणि व्यापार उत्तर अंगाला, मांडवीच्या काठी एला गावी आला. एला म्हणजेच पुढचे जुने गोवे. पोर्तुगीज सरदार आल्फान्सो द आल्बुकर्क याने 1510 साली आधी एकदा हे गाव घेतले, पावसाळ्यात ते गमावले आणि 25 नोव्हेंबर 1510 रोजी पुन्हा जिंकले. 1530 साली पोर्तुगीजांनी आपले पूर्वेकडचे मुख्य ठाणे कोचीनहून इथे आणले. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून मकाऊपर्यंतचा त्यांचा कारभार या एका गावातून चाले.

आपल्याकडे तेरणेच्या काठी तेर आहे. दोन हजार वर्षांपूर्वी तगर या नावाने रोमपर्यंत त्या गावचा माल जात होता. आज तिथे गोरोबाकाकांच्या दर्शनाला आपण जातो आणि संग्रहालयातली मातीची खेळणी बघून येतो. मोठी गावे ओसरतात, यात नवे काही नाही. कशाने ओसरतात ते मात्र प्रत्येक वेळी शोधून काढावे लागते.

भरात असतानाचे गाव

सोळाव्या शतकाच्या अखेरीस जुन्या गोव्याची वस्ती दोन लाखांच्या आसपास होती, असा अंदाज केला जातो. आजच्या धाराशिव शहराची वस्ती त्याहून कमी आहे, यावरून कल्पना करावी. ज्याने गोवा पाहिला त्याला लिस्बन पाहण्याची गरज नाही, अशी पोर्तुगीजांत म्हणच पडली होती. लिन्सखोटेन नावाचा एक डच माणूस 1583 ते 1588 या काळात इथल्या आर्चबिशपच्या पदरी होता. त्याचे प्रवासवर्णन 1596 साली छापले गेले. गावच्या सरळ रस्त्यावर दर सकाळी लिलाव भरे, त्यात अरबी घोडे, मसाला, कापड, जडजवाहीर आणि माणसेसुद्धा विकली जात, असे त्याने लिहून ठेवले आहे. घोड्यांचा धंदा तर फारच मोठा. दख्खनच्या फौजांना अरबी घोडा लागे आणि तो समुद्रावरून गोव्यात उतरे.

या वैभवाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 1540 च्या सुमारास बेटावरची देवळे पाडली गेली. 1560 पासून 1812 पर्यंत, मधला थोडा काळ सोडला तर, धर्मन्यायालयाचा अंमल होता. लोकांनी देव उचलले आणि खाडीपार नेले. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर नदीपलीकडे नार्व्याला गेला आणि त्या देवळाचा जीर्णोद्धार 1668 साली शिवाजी महाराजांनी करविला. आमच्या मंडळींनी तिथेही दर्शन घेतले. श्रावणी सोमवारची वेळ साधली होती.

एक गोष्ट शेतीखात्याचा माणूस म्हणून सांगितल्याशिवाय राहवत नाही. मिरची, काजू, अननस ही पिके पोर्तुगीजांच्या जहाजांतून अमेरिका खंडाकडून आपल्याकडे आली, आणि गोवा हे त्यांचे मोठे दार होते. मिरचीच्या ठेच्याशिवाय आपली भाकरी खाली जात नाही, पण चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच्या आपल्या पूर्वजाला मिरची ठाऊक नव्हती. मिरी होती.

आज काय दिसते

मांडवीच्या धक्क्यावर जांभ्या दगडाची एक कमान उभी आहे, व्हाइसरॉयची कमान. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा याने ती 1599 साली बांधविली. नवा व्हाइसरॉय आला की याच कमानीतून गावात शिरे. मध्यंतरी ती ढासळली आणि 1954 साली पुन्हा उभी केली गेली. आज कमानीतून आत गेले की सरळ रस्ता आहे, दोन्ही बाजूंना झाडे आहेत, पण घर नाही. जिथे लिलाव भरत, तिथे माड आणि रान.

पुढे एकापेक्षा एक मोठी चर्चे. से कॅथेड्रलचे काम 1562 ला सुरू झाले आणि 1619 ला इमारत पुरी झाली. तिला दोन मनोरे होते. उत्तरेकडचा 1776 साली पडला, तो पडलाच. समोर बॉम जेझुस, 1605 साली पूर्ण झालेले, जिथे सेंट फ्रान्सिस झेवियरचे शव चांदीच्या पेटीत ठेवले आहे. दर दहा वर्षांनी ते दर्शनासाठी खाली आणतात. गेल्या वेळी 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 या काळात आणले होते आणि लाखो लोक आले. एरवी ही चर्चे म्हणजे चालती प्रार्थनास्थळे आहेत, हे जाणाऱ्याने ध्यानात ठेवावे. आवाज बेताचा, कपडे अंगभर. 1986 साली युनेस्कोने गोव्याची चर्चे आणि मठ जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

टेकडीवर सेंट ऑगस्टिनचा मनोरा आहे, सुमारे 46 मीटर उंच. पोर्तुगाल सरकारने 1835 साली साधूंचे मठ बंद केल्यावर तिथे राहणारे कुणी उरले नाही. 1842 साली छत कोसळले, 1931 साली दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा गेला. उरलेला अर्धा तसाच उभा आहे. त्याच्याकडे बघत आमच्यातल्या एका वडीलधाऱ्या सभासदाने विचारले, "साहेब, देवळं येवढाली, मग गाव कुठंय?"

हाच खरा प्रश्न. सेंट कॅजेटनच्या चर्चपुढे एक दाराची चौकट एकटीच उभी आहे. खांब आणि वरची तुळई काळ्या दगडाची, नक्षीदार. आजूबाजूला सगळा तांबडा जांभा आणि मध्येच हा आपल्याकडचा वाटावा असा काळा दगड. ते आदिलशाही वाड्याचे दार. वाड्याचे दार राहिले, वाडा नाही. आणि चर्चमध्ये घुमटाच्या बरोबर खाली, मधोमध, झाकण घातलेली एक विहीर आहे. आमची मंडळी मनोऱ्यापुढे उभी राहिली नसतील इतका वेळ त्या झाकणाभोवती उभी राहिली. शेतकऱ्याला विहीर दिसली की तो आधी पाणी किती आणि कसे, हे विचारणार.

पाणी कसे नासले

त्याचे उत्तर असे. जुन्या गोव्याखालची जमीन जांभ्याची. जांभा सच्छिद्र असतो. वरून ओतलेले पाणी त्यात मुरते आणि पाझरत खाली जाते. पावसाळ्यात तर तिथे आपल्या तिपटी-चौपटीने पाऊस पडतो. दोन लाखांची वस्ती दाटीवाटीने बसलेली, सांडपाण्याची नीट सोय नाही, घरामागे शौचाचे खड्डे आणि त्याच अंगणात विहीर. खड्ड्यातले पाणी जांभ्यातून पाझरून विहिरीत उतरायला कितीसा वेळ? पाणी दिसायला स्वच्छ, चवीला गोड, आणि आत पटकीचे बी.

1543 साली पटकीची मोठी साथ आल्याची नोंद आहे. गार्सिया द ओर्ता नावाचा वैद्य गोव्यात राहत होता. औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला गेला. त्यात त्याने पटकीच्या रोग्याचे वर्णन केले आहे. रोग ओळखला गेला, पण तो पाण्यातून येतो हे त्या काळी जगात कुणालाच ठाऊक नव्हते. ते ज्ञान आले एकोणिसाव्या शतकात. तरी सधन लोकांना काहीतरी अंदाज असावा. गावच्या विहिरींचे पाणी ते धुण्या-भांड्याला वापरत आणि पिण्यासाठी जवळच्या बायंगिणीच्या झऱ्याचे पाणी विकत घेत. गुलाम मडक्यांतून ते आणून घरोघर विकत. म्हणजे ज्याच्या गाठीला पैसा तो झऱ्याचे पाणी पिणार आणि बाकीचा खड्ड्याशेजारच्या विहिरीचे. आज आपल्या गावात जारचे पाणी कोण घेतो आणि हापशाचे कोण पितो, ते बघा. साथीचे मात्र तसे नसते. ती एका घरातून निघाली की गल्ली बघत नाही.

सतराव्या शतकात साथींवर साथी आल्या. पटकी, हिवताप. माणसे मरू लागली, जी जगली ती निघून जाऊ लागली.

आता हे पाण्यावरच सगळे ढकलून चालणार नाही. दुसरीही कारणे होती आणि ती खरी होती. 1565 साली विजयनगरचा पाडाव झाला आणि घोड्यांचे मोठे गिऱ्हाईक गेले. डच लोक समुद्रावर प्रबळ झाले आणि त्यांनी मांडवीच्या तोंडाशी जहाजे आणून नाकेबंदी केली. नदी गाळाने उथळ झाली. पोर्तुगालचे लक्षही हळूहळू ब्राझीलकडे वळले, आणि ते कशासाठी? तर उसासाठी! ब्राझीलच्या साखरेत त्यांना मसाल्यापेक्षा जास्त पैसा दिसू लागला. जगाच्या व्यापारात उसाने एक राजधानी ओसाड करायला हातभार लावला, हे आपल्या वाचकांना मौजेचे वाटेल.

त्यातच मराठ्यांची मोहीम. नोव्हेंबर 1683 मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजेने राजधानीसमोरचे जुवे बेट रातोरात घेतले. परत घ्यायला गेलेला व्हाइसरॉय जखमी होऊन माघारी पळाला. पोर्तुगीजांची अशी गाळण उडाली की व्हाइसरॉयने आपली राजमुद्रा आणि दंड झेवियरच्या शवापुढे ठेवून, आता राज्य तूच सांभाळ, अशी प्रार्थना केली. मोगलांची फौज घाटाखाली उतरल्यामुळे महाराजांना परतावे लागले आणि राजधानी वाचली.

पण बघा, शत्रूच्या वेढ्यातून वाचलेली ही राजधानी रोगराईतून वाचली नाही. वैऱ्याच्या फौजेने जे झाले नाही ते अंगणातल्या विहिरीने केले. व्यापार बसला की गाव गरीब होते, पण लोक राहतात. पाणी नासले की लोकच राहत नाहीत. 1695 साली व्हाइसरॉय गावाबाहेर राहायला गेले. 1759 साली ते पणजीला, आदिलशहाच्या जुन्या वाड्यात गेले. 1775 च्या सुमारास जुन्या गोव्यात सोळाशेच्या आसपास माणसे उरली होती. दोन लाखांची सोळाशे! त्यानंतर लिस्बनहून हुकूम सुटला की गाव पुन्हा बांधा. कामाला लावलेले मजूर तापाने इतके मरू लागले की काम सोडून द्यावे लागले. अखेर 1843 साली पणजी ही अधिकृत राजधानी ठरली.

आणि गाव कुठे गेले याचे उत्तर : ते पणजीला गेले. पडक्या वाड्यांचे घडीव दगड लोकांनी काढून नेले आणि पणजीत नवी घरे बांधली. सेंट ऑगस्टिनच्या मनोऱ्यातली मोठी घंटासुद्धा आज पणजीच्या चर्चमध्ये वाजते. आपल्या भागात 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर सास्तूर-किल्लारीकडची जुनी गावठाणे सोडून माणसे नव्या वसाहतीत गेली, हे आपण डोळ्यांनी पाहिले. तिथे जमीन एका रात्रीत हलली. गोव्यात मात्र दीडशे-दोनशे वर्षे रोज थोडे थोडे हलत होते, म्हणून कुणी धावले नाही.

बांध राहिला

दुसऱ्या दिवशी सकाळी कमानीजवळच्या धक्क्यावरून फेरीबोटीने दिवाडी बेटावर गेलो. सहलीतला हा भाग काही जणांना कंटाळवाणा वाटला, पण मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो.

तिथे खाजण जमिनी आहेत. खाडीच्या पाण्याच्या पातळीच्याही खाली असलेली ही भातखाचरे. दिवसातून दोनदा भरतीचे खारे पाणी चढते. ते शेतात शिरू नये म्हणून चिखल, पेंढा आणि जांभा दगड यांचे बांध घातलेले आहेत. बांधाला जागोजाग लाकडी दारे असतात, त्यांना मानस म्हणतात. रचना अशी की भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या रेट्याने दार आपोआप बंद होते आणि ओहोटीला शेतातले जादा पाणी दार ढकलून बाहेर जाते. मोटर नाही, वीज नाही. शेतात कोरगूट नावाचे, खारे पाणी सोसणारे भात. हे सगळे पोर्तुगीज येण्यापूर्वीपासून चालत आलेले.

हे बांध राखत कोण? राजा नव्हे, व्हाइसरॉयही नव्हे. गावकरी. गोव्यात या व्यवस्थेलाच गावकरी म्हणत. गावची जमीन सर्वांची मिळून. ठराविक मुदतीने ती लिलावाने कसायला द्यायची. येणाऱ्या पैशातून सारा, देवस्थान, रस्ते आणि मुख्य म्हणजे बांधाची डागडुजी भागवायची, आणि उरेल ते गावकरांत वाटायचे. पोर्तुगीजांनी हे मोडले नाही, उलट 1526 साली या चालीरीती सनदेत लिहून काढल्या. सहकार हा शब्द आपण विसाव्या शतकात शिकलो असे मानतो. तिथे तो बांधाच्या रूपाने आधीच उभा होता. यात सर्वांना सारखा हक्क नव्हता, बायकांना आणि बिनजमिनीच्या मजुरांना नव्हताच, हेही खरे. पण बांध फुटला तर सर्वांचे शेत बुडणार, हे सर्वांना कळत होते.

आता तुलना करा. एकाच बेटाच्या परिसरात, एकाच काळात, दोन प्रकारचे पाणी होते. राजधानीच्या विहिरीचे पाणी प्रत्येकाचे आपापले, म्हणून त्याची काळजी कुणाचीच नाही. खाजणाच्या बांधाचे पाणी सर्वांचे, आणि त्याची काळजी वाटून दिलेली. जगभर कारभार करणारी राजधानी उठली. बांध राहिला.

अर्थात बांधही आपोआप राहत नाही. 1961 साली गोवा मुक्त झाला आणि 1964 चा कूळ कायदा व 1976 ची दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला जमीन मिळाली, हे न्यायाचेच झाले. पण बांध जुन्या गावकरीने सांभाळायचा की कुळांच्या संघाने, यात बऱ्याच ठिकाणी घोळ पडला. काही बांध फुटले, खारे पाणी शिरले, खाचरे पडीक झाली. जिथे जबाबदारी कुणाची हे ठरले नाही, तिथे शेकडो वर्षांचा बांध थोड्या वर्षांत गेला.

आपले बांध

निम्न तेरणा धरण आपल्या माकणीतच आहे. कालव्याच्या दोन्ही अंगांना ऊस उभा राहिला तो त्याच्या जिवावर. आणि 2016 च्या एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेही आपण विसरलेलो नाही. पाणी असताना आणि नसताना गावाचे काय होते, हे दोन्ही आपल्या दाराशी आहे. म्हणून जुन्या गोव्यावरून चार गोष्टी मनावर घ्याव्यात, अशी विनंती आहे.

पहिली : विहीर आणि शौचाचा खड्डा, उकिरडा किंवा गोठा यांत निदान पन्नास फूट अंतर ठेवा आणि खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला कधीच नको. आपल्याकडे जांभा नाही, पण मुरूम आणि भेगाळ काळा दगड आहे. त्यातूनही पाणी पाझरतेच. बोअर खोल आहे म्हणून ती सुरक्षित आहे, हा समज काढून टाकावा. वर्षातून एकदा पाणी तपासून घ्यावे.

दुसरी : कालव्याला पाणी आहे म्हणून उसाला भरमसाठ पाजू नका. काळ्या जमिनीत निचरा नसेल तर दहा-पंधरा वर्षांत ती पाणथळ होते, मग पांढरी पडते, आणि मग उसाची कांडी आखडते. ठिबक घ्या, पाचट जाळू नका, निचऱ्याचे चर शेजाऱ्याशी बोलून एका रेषेत काढा. एकट्याने काढलेला चर शेजाऱ्याच्या शेतात पाणी सोडतो.

तिसरी : चारीची डागडुजी. चारी फुटली की आपण पाटबंधारे खात्याकडे बोट दाखवतो आणि खाते पाणीवापर संस्थेकडे दाखवते. दिवाडीच्या बांधाचे नेमके हेच झाले. कुणी काय करायचे ते गावात बसून कागदावर लिहा.

चौथी कारखान्याची. धारबांदोड्याचे धुराडे मी मुद्दाम नोंदवून ठेवले होते. सहकारी कारखाना हाही बांधच आहे. ऊस कमी पडला, सभासदाने चार पैशांसाठी दुसरीकडे घातला, सर्वसाधारण सभेला कुणी आले नाही, ताळेबंद कुणी वाचला नाही, तर हा बांध एका रात्रीत फुटत नाही. रोज थोडा थोडा पाझरतो, आणि पाझर दिसत नाही म्हणून कुणी माती टाकत नाही. या वर्षीच्या सभेची नोटीस अंकाच्या शेवटच्या पानावर दिली आहे. अहवाल गट ऑफिसात ठेवला आहे. वाचून या, आणि प्रश्न घेऊन या.

सहलीला पुढच्या वेळी महिला सभासदांनीही नावे द्यावीत. घरचे पाणी कोण भरते आणि ते कसे आहे, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. नावे माकणी गट ऑफिसात नोंदवावीत. समुद्रावर या वेळी तासभर जास्त थांबू.